नापास झालेलं सहावं वर्ष

मंडळी, आज जरा आडवाटेचा विषय. दरवेळी मी गड-किल्ल्यांवर नाहीतर जुन्या बखरींवर लिहिते. आज लिहिणार आहे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाच्या एका वर्षाबद्दल. हसू नका. पस्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवल्यावर एक खोड लागते: कुठेही चार माणसं एकत्र येऊन काही उभं करताना किंवा पाडताना दिसली की त्यातली सनावळी शोधायची.

नातेवाइकांना माहीतच आहे, हिवाळ्यात मी लेकीकडे न्यू जर्सीला असते. तिथे शनिवारी रात्री साडेअकराला घरात एकच गडबड असते, 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'. २०२५ च्या फेब्रुवारीत या कार्यक्रमाच्या पन्नाशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हापासून नातू मला जुने भाग दाखवू लागला. खरं सांगायचं तर निम्मे विनोद माझ्या डोक्यावरून जातात. तिथल्या सिनेटरांची नावं, तिथल्या जाहिराती, ते मला काय कळणार? पण एकदा त्याने '१९८०-८१ चं वर्ष म्हणजे सगळ्यात वाईट वर्ष' असं म्हणून तो विषय हातानेच उडवून लावला आणि माझे कान टवकारले. सगळ्यात वाईट तुकडी असं कोणी म्हटलं की शिक्षकाला ती तुकडी बघावीशी वाटतेच.

आधी थोडी पूर्वपीठिका. हा कार्यक्रम एनबीसी या वाहिनीवर ११ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाला. त्याआधी शनिवारी रात्री तिथे जॉनी कार्सन यांच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे जुने भाग पुन्हा दाखवत. कार्सन यांना ते नको होतं, म्हणून रिकाम्या झालेल्या वेळेत काहीतरी घालायचं होतं. तिशीतला एक कॅनडियन तरुण, लॉर्न मायकल्स, याच्या हाती ते काम आलं. जागा मिळाली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधली, स्टुडिओ ८ एच. हा स्टुडिओ एके काळी तोस्कानिनी यांच्या वाद्यवृंदाच्या रेडिओ मैफलींसाठी वापरला जात होता. जिथे लोक श्वास रोखून सिंफनी ऐकत, तिथे आता दाढी वाढवलेली पोरं मधमाश्यांचे पोशाख घालून नाचू लागली!

कार्यक्रमाची घडण मला फार आवडली. सोमवारी सगळे निर्मात्याच्या खोलीत जमतात आणि त्या आठवड्याच्या पाहुण्यासमोर कल्पना मांडतात. मंगळवारची रात्र लिहिण्यात जाते, अक्षरशः पहाटेपर्यंत. बुधवारी चाळीसेक प्रहसनांचं टेबलाभोवती बसून वाचन होतं आणि त्यातली बरीचशी तिथेच बाद होतात. गुरुवार-शुक्रवार तालमी. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम. तीत जे पडेल ते काढून टाकायचं, क्रम बदलायचा, हाताने लिहिलेली क्यू कार्डं खोडून पुन्हा लिहायची, आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. खोडरबर नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडद्यामागे उभं राहून ज्यांनी ज्यांनी 'अरे, पुढचं वाक्य!' असं कुजबुजून सांगितलं आहे, त्यांना यातली धडधड वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच, आमच्यासमोर पालक असत, यांच्यासमोर अख्खा देश.

पहिली पाच वर्षं कार्यक्रम प्रचंड गाजला. चेव्ही चेस, जॉन बेलुशी, डॅन अ‍ॅक्रॉइड, गिल्डा रॅडनर, बिल मरे... ही नावं तिथे आपल्याकडच्या पु. लं.च्या पात्रांइतकी घरोघरी पोचली. चेस दुसऱ्याच वर्षी गेला, बेलुशी आणि अ‍ॅक्रॉइड १९७९ मध्ये गेले, सिनेमाने ओढून नेले. १९८० च्या उन्हाळ्यापर्यंत उरलेले सगळे दमले होते. मायकल्सलाही विश्रांती हवी होती. त्याची इच्छा अशी, की काही महिने थांबावं, नव्याने जमवाजमव करावी. नाहीतर आपल्याच लेखकांपैकी कोणीतरी पुढे न्यावं. त्यात अल फ्रँकन हे नाव होतं. पण या फ्रँकनने १० मे १९८० च्या भागात एनबीसीचे प्रमुख फ्रेड सिल्व्हरमन यांचीच जाहीर टिंगल केली होती. वाहिनीचं काही चालत नाही आणि साहेबांना मात्र फिरायला लिमोझिन, असा तिचा रोख होता. थेट प्रक्षेपणात! साहेब भयंकर चिडले. संस्थाचालकांची नक्कल गॅदरिंगमध्ये करून वर त्यांच्याकडेच बढती मागायला जाण्यासारखं झालं ते. फ्रँकनचं नाव बारगळलं.

२४ मे १९८० चा शेवटचा भाग नातवाने मला दाखवला. शेवटी सगळी मंडळी स्टुडिओतून बाहेर पडतात आणि दारावरचा 'ऑन एअर'चा दिवा विझतो. तो विझला तेव्हा सगळ्यांनाच वाटलं असणार की संपलं. मायकल्स गेला, नटमंडळी गेली, लेखकही जवळजवळ सगळे गेले.

पण वाहिनीला कार्यक्रम संपवायचा नव्हता. त्यावर पैसा मिळत होता. तेव्हा त्यांनी जीन दूमानियन या बाईंना निर्मातीपद दिलं. या बाई आधीपासून तिथेच होत्या, पाहुणे कलाकार आणि गायक ठरवण्याचं काम बघत. वुडी अ‍ॅलन यांच्या जवळच्या मैत्रीण म्हणूनही त्यांची ओळख होती. विनोदी लेखन हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांच्या हाती थोडेसे महिने, कमी केलेला खर्च आणि रिकामा स्टुडिओ. एकही जुना नट नाही, ओळखीचं पात्र नाही.

हे वाचताना मला आमच्या शाळेतली एक गोष्ट आठवत राहिली. गणिताचे एक अतिशय नावाजलेले सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण बाई फळ्याकडे वळल्या की मागच्या बाकावरून आवाज यायचा, 'सर असं नाही सोडवायचे.' उत्तर बरोबर असायचं. पण 'सर असं नाही सोडवायचे' याला कुठलं उत्तर द्यायचं? त्या बाई दोन वर्षांत बदली घेऊन गेल्या.

दूमानियन बाईंनी सहा मुख्य कलाकार निवडले: चार्ल्स रॉकेट, जो पिस्कोपो, गिल्बर्ट गॉटफ्रीड, डेनी डिलन, गेल मॅथियस आणि अ‍ॅन रिज्ली. १५ नोव्हेंबर १९८० ला पहिला भाग झाला, पाहुणा एलियट गूल्ड. रेगन निवडून येऊन अकराच दिवस झाले होते, राजकीय विनोदाला याहून सुपीक जमीन कुठली! आणि या मंडळींनी सुरुवात कशाने केली, तर गूल्डच्या भोवती बसून आपली ओळख करून देण्याने, की आम्ही म्हणजे जुन्या अमक्याचं आणि तमक्याचं मिश्रण. थट्टेतच म्हटलं असेल, पण माझ्या मते इथेच पाय घसरला. जे लोक तुमची तुलना करायला टपूनच बसले आहेत, त्यांच्या हाती तुम्ही स्वतःहून फूटपट्टी कशाला द्यायची?

टीका अशी झाली की काही विचारू नका. मी त्यातले चार-पाच भाग बघितले. सगळं वाईट आहे असं मला नाही वाटलं. डेनी डिलन आणि गेल मॅथियस या दोघी एकत्र आल्या की छान रंगतात. पण बरीचशी प्रहसनं कुठे संपवायची हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसल्यासारखी लांबत जातात, आणि काही तर विनोद कमी आणि हिडीसपणा जास्त अशी. गॉटफ्रीड पुढे ज्या कर्कश आवाजासाठी प्रसिद्ध झाला, तो आवाज इथे नाहीच. बिचारा अंग चोरून उभा असतो. वर्गातला हुशार मुलगा नव्या शाळेत गेल्यावर दिसतो तसा.

बाहेरचे दिवसही हसण्याचे नव्हते. ८ डिसेंबरला त्याच न्यूयॉर्क शहरात जॉन लेननचा खून झाला आणि १३ तारखेला यांना नवा भाग सादर करायचा होता. हाच तो कार्यक्रम, ज्यावर १९७६ मध्ये मायकल्सने बीटल्सना पुन्हा एकत्र येऊन गाण्यासाठी तीन हजार डॉलर देऊ केले होते, अगदी गंभीर चेहऱ्याने चेक दाखवून!

आता त्या मुलाकडे येते, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

लाँग आयलंडवरच्या रूझवेल्ट गावचा एक एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा कलाकार निवडणाऱ्या नील लेवी यांना रोज फोन करत होता. सार्वजनिक फोनवरून. आपल्याला अठरा भावंडं आहेत आणि ती सगळी आपल्या या नोकरीकडे डोळे लावून बसली आहेत, असं तो सांगायचा. अर्थात थाप! लेवींना त्या थापेचीच मजा वाटली. त्यांनी त्याला बोलावलं आणि तो बघताक्षणी त्यांना कळलं. दूमानियन बाईंच्या मनात मात्र दुसराच एक नट होता, रॉबर्ट टाउनसेंड. लेवींनी हट्ट धरला. शेवटी या मुलाला घेतलं, पण मुख्य सहांमध्ये नव्हे. पूरक कलाकार म्हणून, गरज पडली तर. नाव एडी मर्फी.

सुरुवातीला तो गर्दीत नुसता उभा दिसतो. मग ६ डिसेंबरच्या भागात बातम्यांच्या विडंबनात त्याला दीड-दोन मिनिटं मिळाली. क्लीव्हलंडच्या एका न्यायाधीशाने शाळांच्या बास्केटबॉल संघात गोरी मुलंही असली पाहिजेत असा आदेश दिला होता, त्यावर हा भाष्य करतो. ते मी तीनदा बघितलं. इंग्रजीचा वेग मला झेपत नाही, पण त्या मुलाचे डोळे बघा. तो घाबरलेला नाही. बाकीचे सगळे क्यू कार्डाकडे बघत वाक्य शोधत असतात, हा थेट आपल्याकडे बघतो.

तरीही त्याला काम देत नव्हते. मग १० जानेवारी १९८१ चा भाग आला. पाहुणा रे शार्की. कार्यक्रम लवकर संपत आला आणि काही मिनिटं उरली. थेट प्रक्षेपणात उरलेला वेळ म्हणजे आजाराहून वाईट, भरायचा कशाने? हाताशी काही नाही. तेव्हा या पोराला पुढे ढकललं. त्याने आपल्या एकपात्री कार्यक्रमातला तुकडा सादर केला, समोर नुसता माइक. प्रेक्षक हसून लोटपोट. त्यानंतर त्याला पूर्ण वेळ कलाकार करून घेतलं. जे वर्ष वेळेचं गणित चुकल्याबद्दल बदनाम आहे, त्याच चुकलेल्या गणिताने त्यांना त्यांचा सगळ्यात मोठा नट दिला. (बदली शिक्षक आले नाहीत म्हणून ऑफ तासाला गाणं म्हणायला उभं केलेला मुलगा पुढे गायक झाल्याची उदाहरणं आपल्याकडेही सापडतील.)

आणि तेच वेळेचं गणित २१ फेब्रुवारीला उलटं पडलं. त्या काळी 'डॅलस' नावाची मालिका अमेरिकेला वेड लावून होती. तिच्यातल्या जे. आर. या खलनायकावर गोळी कोणी झाडली, यावर देश महिनोन्‌महिने पैजा लावत होता. त्या मालिकेतली शार्लीन टिल्टन या भागाची पाहुणी होती, म्हणून यांनी विडंबन रचलं की चार्ल्स रॉकेटलाच कोणीतरी गोळी घालतं. शेवटी सगळे निरोप घ्यायला उभे राहिले, रॉकेट चाकाच्या खुर्चीत. पुन्हा थोडा वेळ उरलेला. टिल्टनने त्याला सहज विचारलं, गोळी लागल्यावर कसं वाटतंय? आणि त्याने उत्तर देताना एक असा शब्द उच्चारला, की जो अमेरिकेतल्या टीव्हीवर उच्चारायचा नसतो. तो शब्द मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला कळलाच असेल. आजूबाजूच्यांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. कोणी हसतंय, कोणी तोंडावर हात धरलाय. शब्द तोंडातून सुटला होता आणि देशभर पोचलाही होता.

७ मार्चला बिल मरे पाहुणा म्हणून आला. जुन्यांपैकी असा परत आलेला तो त्या वर्षातला पहिलाच. सुरुवातीच्या प्रवेशात तो या हिरमुसलेल्या मंडळींना धीर देतो, थट्टेथट्टेत, पण तो धीर खोटा वाटत नाही. आणि शेवटी निरोप घेताना जुन्या सोबत्यांची नावं घेऊन त्यांची माफीही मागतो, की मी इथे आलो! प्रेक्षक हसतात. मागे उभ्या असलेल्या नव्या मुलांनीही हसायचं असतं, ती हसतात. मला ते बघवलं नाही.

त्यानंतर दूमानियन बाईंना काढलं. बारा भाग, बस. त्यांच्या जागी डिक एबरसोल आले. १९७५ साली हा कार्यक्रम उभा करताना वाहिनीच्या बाजूने तेच होते. त्यांनी महिनाभर कार्यक्रम बंद ठेवला. रॉकेट, गॉटफ्रीड आणि रिज्ली यांना नारळ दिला. दुरुस्तीसाठी तो जो महिना मागितला आणि मिळाला, तो बघून मला मायकल्सने मागितलेले आणि न मिळालेले महिने आठवले. ११ एप्रिलला एबरसोल यांचा पहिला भाग झाला, चेव्ही चेसही त्यात येऊन गेला. आणि त्याच दिवशी अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप सुरू झाला! तो तीन महिने चालला. वर्ष तेराव्या भागावरच संपलं. डिलन आणि मॅथियस यांनाही पुढे ठेवलं नाही. त्या संपूर्ण तुकडीतून वरच्या वर्गात गेले दोघंच: जो पिस्कोपो आणि एडी मर्फी.

नातवाचं म्हणणं, 'आजी, बाईंनीच वाट लावली.' मला ते अर्धंच पटतं. एडी मर्फीसारखा मुलगा समोर असताना त्याला आठवडेच्या आठवडे मागे बसवून ठेवणं, ही त्यांच्या निवडीतली मोठी चूक, त्यात वाद नाही. लेखकांवर त्यांचा वचक नव्हता, आणि विनोद जमला की नाही हे वाचनाच्या टेबलावर ओळखणारा कान त्यांच्यापाशी नसावा असं भाग बघताना वाटतं. पण जे पाच वर्षांत तयार झालं ते पाच महिन्यांत दुसऱ्यांदा तयार करून द्या, तेही स्वस्तात, असा हुकूम ज्यांनी सोडला त्यांचं काय? फ्रेड सिल्व्हरमन हेही १९८१ च्या उन्हाळ्यात एनबीसीतून गेले, पण 'सगळ्यात वाईट वर्ष' हा शिक्का त्यांच्या नावावर नाही, तो बाईंच्या आणि त्या सहा मुलांच्या नावावर आहे. आणखी एक सांगते. स्वतः मायकल्स १९८५ मध्ये परत आला, सगळे नवे कलाकार घेतले, तर त्याचंही ते वर्ष असंच आपटलं आणि वर्षाअखेर त्याने बहुतेकांना घरी पाठवलं. कार्यक्रम बंद पडायच्या बेतात होता. त्याला मात्र पुढचं वर्ष मिळालं. दूमानियन बाईंना तेरावा भागसुद्धा मिळाला नाही.

पुढे कोण कुठे गेलं हे बघायला मला नेहमीच आवडतं, शाळेतले जुने हजेरीपट चाळल्यासारखं. एडी मर्फी १९८४ पर्यंत तिथे राहिला आणि त्या पडत्या काळात कार्यक्रम बव्हंशी त्यानेच जगवला, असं तिथले लोक सांगतात. १९८२ च्या डिसेंबरात निक नोल्टी आजारी पडला म्हणून मर्फीने कलाकार असतानाच पाहुण्याची जागाही घेतली. मग सिनेमे. १९९५ मध्ये याच कार्यक्रमात त्याच्या पडत्या काळावर एक विनोद झाला, तो त्याला लागला आणि तो वर्षानुवर्षं तिकडे फिरकला नाही. २०१५ च्या चाळिशीच्या सोहळ्यात जेमतेम मिनिटभर आला. २१ डिसेंबर २०१९ ला मात्र पूर्ण भागाचा पाहुणा म्हणून आला, जुनी पात्रं पुन्हा केली, आणि त्याबद्दल त्याला २०२० चं एमी पारितोषिक मिळालं.

गॉटफ्रीडला त्याचा आवाज सापडला. डिस्नेच्या १९९२ च्या 'अलादीन'मधला तो चिडका पोपट आठवतो? तोच. २०२२ मध्ये तो गेला. रॉकेट सिनेमा आणि मालिकांमधून कामं करत राहिला, २००५ मध्ये वारला. त्याच्यावर लिहिलेल्या जवळपास प्रत्येक मजकुरात तो एक शब्द पहिल्या परिच्छेदातच येतो. दूमानियन बाईंनी १९९० च्या दशकात वुडी अ‍ॅलन यांच्या अनेक चित्रपटांची निर्मिती केली, पुढे दोघांचं कोर्टकचेरीपर्यंत बिनसलं. मग त्या ब्रॉडवेवर निर्माती म्हणून रमल्या, आणि चांगल्या रमल्या.

आणि एक नाव यादीत अगदी खाली असतं, पूरक कलाकारांत: इव्हॉन हडसन. आधीची काही वर्षं ती गर्दीतली कामं करत होती, या सहाव्या वर्षी तिचं नाव पहिल्यांदा श्रेयनामावलीत आलं. या कार्यक्रमाच्या कलाकारांच्या यादीत आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. नातवाला मी तिचे प्रवेश शोधायला सांगितलं आहे. आतापर्यंत दोन सापडलेत, दोन्हींत मिळून तिला चारच वाक्यं आहेत.